जड दगड, जड धातू आणि पाण्याची बादली



उन्हाळ्यात विहिरींची खोदाई सुरू झाली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कोणी पत्राने विचारतो, कोणी फोनवर, आणि कोणी तर दगडच फडक्यात बांधून कार्यालयात आणतो. "साहेब, चाळीस फुटांवर लागला. हातात धरून बघा, केवढा जड आहे! यात काही धातू असेल का?" प्रश्न चुकीचा नाही. धातू जड असतात हे खरेच आहे. पण जड लागणारी प्रत्येक वस्तू धातूची नसते, जड असलेली प्रत्येक वस्तू मोलाची नसते, आणि आजकाल वर्तमानपत्रांतून ज्या ‘जड धातूंची’ भीती घातली जाते तेही सगळेच विषारी नसतात. या तिन्ही गोष्टी एकमेकांत मिसळल्या म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान होते. कधी पैशाचे, कधी जमिनीचे, आणि एखाद्या वेळी जिवाचेही.

जडपणा मोजायचा कसा, तो आधी पाहू. हे काम तुम्हाला नवीन नाही. भाताचे बी पेरण्यापूर्वी आपण दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवतो आणि त्यात बी टाकतो. पोचट दाणे तरंगतात, भरीव दाणे तळाला बसतात. बाजरीच्या बियाण्यातला अरगट काढायला दहा लिटरला दोन किलो मीठ घालतो, म्हणजे पाणी आणखी जड होते आणि अरगटाच्या काळ्या गाठी वर येतात. मग बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो. यात आपण काय केले? दाण्याचे वजन केले नाही. एवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा दाणा जड की हलका, एवढेच पाहिले. यालाच घनता म्हणतात. पोतेभर कापूस आणि पोतेभर ज्वारी यांत पोते तेच, पण वजनात किती फरक! पोते सारखे ठेवून केलेली वजनाची तुलना म्हणजे घनता.

पाण्याची घनता एक धरतात. एक लिटर पाणी एक किलो भरते. ज्या वस्तूचा लिटरभर आकार तीन किलो भरेल तिची घनता तीन. पुस्तकात याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. आपण ‘पाण्याच्या किती पट’ एवढेच म्हणू.

आता दगडाचा आकार वेडावाकडा, तो लिटरात मोजायचा कसा? त्यासाठी एक तराजू, एक मजबूत दोरा आणि एक बादली पाणी लागते. दगड घासून धुवा, माती राहू देऊ नका. दोऱ्याने बांधून काट्याला लटकवा आणि वजन लिहून ठेवा. मग तो तसाच लटकता ठेवून बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. पुन्हा वजन लिहा. पाण्यात वजन कमी भरते, हा विहिरीतून घागर ओढणाऱ्या प्रत्येकीचा अनुभव आहे. घागर पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते. जेवढे वजन कमी झाले तेवढे त्या दगडाच्या आकाराच्या पाण्याचे वजन. बाहेरच्या वजनाला या कमी झालेल्या वजनाने भागा. झाले.

उदाहरण घ्या. दगड बाहेर १,४५० ग्रॅम भरला, पाण्यात ९६० ग्रॅम. कमी झाले ४९० ग्रॅम. १,४५० भागिले ४९० म्हणजे जवळजवळ २.९६. हा आपला नेहमीचा काळा पाषाण. दुसरा दगड बाहेर १,२०० ग्रॅम, पाण्यात ९६५ ग्रॅम. कमी झाले २३५. भागाकार ५.१ येतो. हा मात्र नुसता पाषाण नाही, यात लोहखनिज किंवा मँगनीजसारखे काहीतरी आहे. तराजूचा पासंग आधी पाहून घ्या. हल्ली बाजारात लटकवायचे बॅटरीचे काटे मिळतात, तेही चालतील. मात्र त्यांच्यात पाच-दहा ग्रॅमचा फरक सहज पडतो, म्हणून किलोभर तरी दगड घ्या, लहान खडा नको. जांभ्यासारखा छिद्रांचा दगड असेल तर रात्रभर भिजत घालून मग मोजा, नाहीतर आतली हवा तुम्हाला फसवील.

आपल्या मातीतले दगड

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. त्याची घनता २.८ ते ३ च्या आसपास. पांढरी गारगोटी २.६५, चुनखडी २.७. म्हणजे शेतात सापडणारे बहुतेक दगड अडीच ते तीनच्या आतबाहेर असतात. काळा दगड हाताला जड वाटतो तो मुख्यतः आपण त्याची तुलना मुरमाशी, मातीच्या ढेकळाशी किंवा विटेशी करतो म्हणून. त्यांच्या पोटात हवा असते. मातीचा कण घेतला तर तोही २.६५ च्या जवळपास भरतो, पण शेतातल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. म्हणून अख्खी माती १.२ ते १.४ एवढीच भरते. (आपण ज्या जमिनीला ‘भारी’ म्हणतो तिचा वजनाशी संबंध नाही, बरं का. नांगराला आणि बैलाला लागणाऱ्या जोरावरून ते नाव पडले आहे.)

पुणे, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांत विहीर खोदताना पाषाणाच्या पोकळीत कधी कधी पांढरे, गुलाबी, हिरवट, काचेसारखे चकाकणारे स्फटिक सापडतात. ‘हिरे निघाले’ म्हणून गावभर बोभाटा होतो. ते झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीने येणारे स्फटिक असतात, आणि त्यांची घनता २.१ ते २.४, म्हणजे आजूबाजूच्या पाषाणाहूनही कमी! हिरा ३.५ असतो. चांगले अखंड स्फटिक संग्रह करणारे लोक विकत घेतात हे खरे, पण हिरा म्हणून नव्हे. तेव्हा सुरुंगाने चुरा करण्याआधी जाणकाराला दाखवा.

याउलट खरोखर जड खनिजेही आपल्याकडे आहेत. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या काठाला वाळूवर काळ्या रेषा उमटलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक फिरवा, काळे कण झुपकेदार चिकटतील. हे मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकी लोहखनिज. घनता ५.२. पाषाण झिजून ते सुटते. सुपात धान्य पाखडताना कोंडा पुढे जातो आणि दाणे मागे राहतात, तशी पाण्याने केलेली ही उफणणी आहे. हलकी पांढरी वाळू वाहून जाते, जड काळी मागे राहते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अशीच इल्मेनाइटची काळी वाळू साचलेली आहे, तिची घनता ४.७. सिंधुदुर्गात रेडीचे लोहखनिज, भंडारा आणि नागपूरकडे मँगनीज, हीही पाच किंवा त्याच्या अलीकडची-पलीकडची. शिशाचे खनिज गॅलेना तर साडेसात भरते, पण ते आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात विहिरीतून निघण्याची आशा धरू नका. देशातल्या शिसे-जस्ताच्या मोठ्या खाणी राजस्थानात आहेत.

आणि चार-सहा खडे जड निघाले म्हणजे खाण लागली असेही नाही. खनिजाचे उत्खनन आणि विक्री यांना सरकारी परवाना लागतो. भागाकार चारच्या वर आला तर खडा कोणत्या गट नंबरात, किती खोलीवर सापडला ते कागदावर लिहून ठेवा, आणि तालुक्याला याल तेव्हा दाखवा.

स्वस्तातले सोने

बादलीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र इथे आहे. गावोगाव एक जुनीच टोळीबाजी चालते. रस्त्याच्या कामावरचा किंवा खोदाईवरचा मजूर आहे असे सांगून एखादा माणूस येतो. ‘खणताना सोन्याची माळ सापडली, आम्हाला विकता येत नाही, तुम्ही अर्ध्या किमतीत घ्या’ म्हणतो. खात्रीसाठी माळेतला एक मणी काढून देतो. सराफ तो कसाला लावून अस्सल सोने म्हणून सांगतो, कारण तेवढा एक मणी खरोखरच सोन्याचा असतो. बाकी सगळी माळ पितळेची. कांद्याचे, उसाचे, बैलजोडीचे पैसे अशा माळेत गेलेले आहेत.

शुद्ध सोन्याची घनता १९.३, शिशाची ११.३, तांब्याची ८.९, पितळेची साडेआठच्या आसपास. अर्धा किलोची माळ असेल आणि ती सोन्याची असेल तर तिचा आकार फक्त २६ मिलिलिटर पाण्याएवढा असायला हवा. २२ कॅरेटचे सोने असेल तर २८. पितळेची असेल तर ५९. मोठ्या मापपात्रात दोनशेच्या रेघेपर्यंत पाणी घ्या आणि माळ सोडा. पाणी २२८ पर्यंत चढले की २५९ पर्यंत, हे लहान पोरही वाचू शकेल. एक मणी नव्हे, सगळी माळ पाण्यात गेली पाहिजे, हे लक्षात ठेवा. विकणारा नको म्हणाला तर तिथेच उत्तर मिळाले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही परीक्षा ‘हे सोने नाही’ असे सांगायला भरवशाची आहे, ‘हे सोनेच आहे’ असे सांगायला नाही. टंगस्टन नावाचा धातू सोन्याइतकाच जड आहे, आणि त्यावर मुलामा दिला तर बादली फसेल. उलट आपल्या घरच्या जुन्या दागिन्यात आत लाख भरलेली असते, ते अस्सल असूनही हलके भरतात. म्हणून शेवटचा निकाल सराफाचा. आणि समजा, खरेच सोने निघाले तरी? १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चोरून अर्ध्या किमतीत घेणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा राहत नाही.

याच जातीची दुसरी थाप म्हणजे तांदूळ ओढणारे भांडे, ज्याला ‘राईस पुलर’ म्हणतात. वीज पडलेल्या तांब्याच्या भांड्यात इरिडियम तयार होते, ते तांदूळ खेचते आणि परदेशात कोट्यवधींना विकले जाते, अशी कथा सांगतात. इरिडियम हा खरा धातू आहे, आणि तो जगातल्या सर्वांत जड धातूंपैकी एक आहे. घनता साडेबावीसच्या वर. आपल्या भाजक्या विटेएवढा इरिडियमचा तुकडा चाळीस किलोच्या आसपास भरेल. एका हाताने उचलून दाखवलेले भांडे इरिडियमचे कसे असेल, तुम्हीच विचार करा. शिवाय वीज पडल्याने तांब्याचे इरिडियम होत नाही, आणि इरिडियम तांदूळ ओढत नाही. ओढणारे तांदूळ पाहिले असतील तर त्यांत लोखंडाचा कीस आणि भांड्यात लोहचुंबक शोधा.

जड म्हणजे विषारी का?

आता दुसऱ्या घोटाळ्याकडे वळू. पाण्याच्या पाचपटीहून जड असलेल्या धातूंना साधारणपणे जड धातू म्हणतात. या यादीत शिसे, पारा (१३.५) आणि कॅडमियम (८.६) येतात, तसेच लोखंड (७.९), तांबे आणि जस्त (७.१) हेही येतात. सोने तर या सर्वांहून जड, पण ते अंगावर घालून कोणी आजारी पडत नाही. म्हणजे वजनाचा आणि विषाचा सरळ संबंध नाही. जस्त हा जड धातू असला तरी भाताला आणि मक्याला तो मिळाला नाही तर पीक खुरटते. म्हणून तर आपण एकरी आठ-दहा किलो झिंक सल्फेट टाकतो. साध्या झिंक सल्फेटात २१ टक्के जस्त असते, म्हणजे दहा किलोतून जमिनीला दोन किलोच्या थोडे वर जस्त मिळते.

या खतात मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ होते. दोन्हींचे खडे दिसायला सारखेच. इथे बादली उपयोगाची नाही, कारण दोन्ही पाण्यात विरघळतात. इथे दुसरी खूण बघा. डीएपी पाण्यात विरघळवून गाळून घ्या. झिंक सल्फेटचे वेगळे पाणी करा. दोन्ही एकत्र केल्यावर दाट, दह्यासारखा पांढरा साका झाला तर जस्त आहे. नुसते मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा दाट साका होत नाही. ही घरची प्राथमिक खूण झाली. शंका आली तर पिशवी आणि पावती जपून ठेवून खत निरीक्षकाला कळवा.

जड धातूंचा जो गुण शेतकऱ्याने खरा ओळखायला हवा तो वेगळाच आहे. ते कुजत नाहीत. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, बहुतेक औषधांचा अंशही काही काळाने मोडतो. धातू मूलद्रव्य आहे, त्याचे मोडून दुसरे काही होत नाही. ते मातीच्या कणांना चिकटते आणि वरच्या वीतभर थरातच बसून राहते. द्राक्षाला किंवा सुपारीला आपण एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण मारतो. शंभर लिटरला एक किलो मोरचूद. मोरचुदात पाव हिस्सा तांबे. एकरी चारशे लिटरची एक फवारणी म्हणजे एक किलो तांबे शेतात आले. पाच फवारण्यांचे पाच किलो, आणि अशी वीस वर्षे धरा! बोर्डो मिश्रण चांगले औषध आहे, ते सोडा असे मी म्हणत नाही. पण रोग नसताना ‘मारून ठेवू’ म्हणून केलेली फवारणी पानावरून धुऊन मातीत जाते आणि तिथेच राहते. जुन्या बागांच्या मातीत तांबे साचले की गांडुळे कमी होतात.

शिशाच्या बाबतीत तर मुळीच सवलत नको. पिकाला, जनावराला, माणसाला शिशाचा काडीचा उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा असतात. शिसे ३२७ अंशांवर वितळते, त्याला चुलीचा जाळ पुरतो. त्यामुळे बॅटरी फोडून, आम्ल ओतून देऊन, प्लेटा वितळवून भंगारवाल्याला किंवा जाळ्याच्या वजनांसाठी विकण्याचा उद्योग काही ठिकाणी घराच्या परड्यातच चालतो. धूर दिसतो, जातो, पण त्यातले शिसे अंगणाच्या धुळीत बसते. रांगणारी पोरे हात तोंडात घालतात, आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांचे शरीर शिसे जास्त शोषते. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. आफ्रिकेतल्या सेनेगल देशात डाकार शहराजवळच्या एका वस्तीत बॅटरीचे शिसे गाळण्याच्या उद्योगामुळे २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत अठरा मुले दगावली. बॅटरी अख्खीच दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, आणि जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजाही होतात. आम्ल विहिरीच्या बाजूला ओतू नका. बांधावरही नको.

पाऱ्याची गोष्ट बियाण्याची आहे, म्हणून नीट ऐका. पूर्वी पाऱ्याची बुरशीनाशके बियाण्याला चोळत असत. जुन्या मंडळींना ती पावडर आठवत असेल. १९७१ च्या शेवटी इराकमध्ये सरकारने परदेशातून आणलेला, पाऱ्याची प्रक्रिया केलेला गहू पेरणीसाठी वाटला. तो लाल रंगाने रंगवलेला होता. पेरणी उरकलेल्या घरांनी उरलेला गहू धुतला. रंग गेला, म्हणजे विष गेले असे त्यांना वाटले, आणि त्याच्या रोट्या खाल्ल्या. परिणाम लगेच दिसला नाही. काही आठवड्यांनी हातापायाला मुंग्या, मग तोल जाणे, दिसेनासे होणे. साडेसहा हजारांवर माणसे दवाखान्यांत दाखल झाली, आणि दवाखान्यांतल्या मृत्यूंची सरकारी नोंद ४५९ होती. आपल्या देशात बीजप्रक्रियेचे शेवटचे पाऱ्याचे औषध २०१८ मध्ये बंद झाले. तेव्हा कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नका, ओढ्यात टाकू नका, जाळू तर मुळीच नका. झाकण घट्ट करून, वेगळा ठेवून कृषी कार्यालयाला सांगा. आणि आजचे बियाणे कोणत्याही औषधाचे असो, रंगवलेले उरलेले बी धुऊन दळू नका, कोंबड्यांनाही टाकू नका.

शहराच्या कचऱ्याचे कंपोस्ट ट्रकने स्वस्तात येते, तेव्हाही हाच विचार करा. खत नियंत्रण आदेशात त्याला मर्यादा घातलेल्या आहेत. किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ५ पेक्षा जास्त नको. तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर गाडी परत पाठवा, कारण एकदा शेतात पसरलेले शिसे वेचून काढता येत नाही.

माती तपासायची असेल तर जस्त, तांबे, लोह, मँगनीज यांची तपासणी माती परीक्षण प्रयोगशाळेत होते. शिसे आणि कॅडमियम सगळीकडे तपासत नाहीत, म्हणून नमुना नेण्यापूर्वी विचारून घ्या. नमुना घेताना गंजलेले फावडे आणि जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली वापरू नका. नाहीतर शेतातल्या ऐवजी बादलीतलेच जस्त मोजले जाईल. लाकडी खुंटीने किंवा बांबूच्या पट्टीने माती काढा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत भरून पाठवा. पिशवी खताची नको.